व्हेनिसमधलं पिठलं

सूड ही माणसाच्या मनातली सर्वांत शुद्ध भावना आहे. प्रेमात थोडी सवय मिसळलेली असते, आदरात थोडी भीती, आणि भक्तीत बहुतेक वेळा काहीतरी मागणं असतं. सूडात भेसळ नसते. ज्याला सूड घ्यायचा आहे त्याचं चित्त एकाग्र होतं, आळस जातो, आणि एरवी ज्या गोष्टींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं त्या तो चिकाटीने शिकतो. मी, उदाहरणार्थ, बटाटे भाजायला शिकलो.

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोरिवलीला एका टॉवरमध्ये राहतात. टॉवरच्या लॉबीत कारंजं आहे. पाहुणे येणार असले की ते वॉचमनला फोन करून कारंजं सुरू करायला सांगतात. निवृत्तीनंतर ते युरोप बघून आले. आमच्या ओळखीतली निम्मी माणसं युरोप बघून आली आहेत आणि त्यातली बरीचशी नंतर बरी झाली. साडूंचं तसं झालं नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य 'तिकडे' या शब्दाने सुरू होऊ लागलं. तिकडे फूटपाथ असे नसतात. तिकडे लोक हॉर्न वाजवत नाहीत. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा त्यांनी हॉल घेऊन केला, तेव्हा दारात मोठा फ्लेक्स लावला होता. त्यात सासरे डाव्या कोपऱ्यात होते, मधोमध साडू, आणि त्यांच्या मागे पिसाचा कलता मनोरा. आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी साडूंनाच वाकून नमस्कार केला आणि शंभर वर्षं जगा म्हणाले. त्यांनी आशीर्वाद दिला.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. माणसाला बघायला काहीतरी लागतं.

तक्रार सुरू झाली ती दिवाळीनंतरच्या एका रविवारी, आमच्या मुलुंडच्या घरी. मी नोकरी मुदतीआधीच सोडली आहे. बायको बँकेत आहे, ती संध्याकाळी उशिरा येते, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे आलं आणि मला ते आवडूही लागलं. त्या दिवशी मी सगळ्यांसाठी स्पॅगेटी केली होती. साडूंनी काट्यावर चार दोऱ्या गुंडाळल्या, ट्यूबलाइटच्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "वा साडूबुवा, शेवयांचा उपमा झकास जमलाय! तिकडे पास्ता असतो, तो वेगळा."

सासरे हसले. हे साधं वाक्य नाही. ते जन्मभर कोर्टात नोकरी केलेले, मितभाषी गृहस्थ. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे राहतात, आणि तेव्हापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते इतके हसले की कवळी काढून ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली, "शेवयाराव, पेपर आला का हो?"

तोवर मी 'जावईबापू' होतो.

आठवड्याभरात ते नाव जिना उतरून खाली गेलं. सासरे संध्याकाळी गेटपाशी खुर्ची टाकून बसतात, त्यामुळे प्रसाराची सोय उत्तम होती. एकदा वॉचमनने अत्यंत आदराने इंटरकॉम केला, "शेवयाराव साहेब, कुरियर आलंय." त्याला ते माझं आडनाव वाटत होतं.

मी बायकोकडे तक्रार केली.

"अरे, किती दिवसांनी हसले बाबा," ती म्हणाली. "राहू दे ना. तुझं काय जातंय?"

"माझं नाव जातंय."

"त्या नावाने तुला हाक तरी कोण मारत होतं?"

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी ठरवलं की माझं नाव परत मिळवायचं, आणि ज्या तोंडाने ते घालवलं त्याच तोंडून. सासऱ्यांच्या देखत साडूंनी म्हणायला हवं होतं की जमलंय, अगदी तिकडच्यासारखं जमलंय. शिवाय त्यांची फजिती व्हायला हवी होती. दोन्ही. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतील हे तेव्हा सुचलं नाही.

सासऱ्यांचा वाढदिवस जवळ आला होता. हॉलचा सोहळा झाला होता, त्यामुळे यंदा घरच्या घरी रात्रीचं जेवण, फक्त आम्ही पाच जण. मी न्योकी करायचं ठरवलं. इटलीत बटाट्याचे छोटे गोळे करून उकळत्या पाण्यात शिजवतात आणि सॉसमध्ये घोळवतात, ती न्योकी. मऊ असते, सासऱ्यांच्या कवळीला चालणार होती. आणि तिला आपल्याकडच्या कशाचा उपमा म्हणण्याची सोय नव्हती. मी नीट विचार केला होता.

त्याच सुमारास माझ्या हातात एक शस्त्र येऊन पडलं. मेव्हणी, साडूंची बायको, एका दुपारी वडिलांना भेटायला आली होती. त्या दिवशी माझी बायकोही रजेवर होती. बहिणी बाहेर गप्पा मारत होत्या, मी आत चहा गाळत होतो.

"तिकडे खायचे हाल झाले असतील ना गं ताई?"

"छे! टूरवाल्यांचा महाराज होता ना बरोबर. सकाळी पोहे, रात्री गरम वरणभात. व्हेनिसला तर पिठलं केलं त्याने. एकदा श्रीखंड. बाहेरचं तोंडात घालायची वेळच नाही आली. आणि ह्यांना तिकडच्या चीजचा वाससुद्धा सहन होत नाही, बसमध्ये नाकाला रुमाल!"

काही माणसं लॉटरी लागली की ओरडतात. मी बाहेर जाऊन ताईंना आणखी अर्धा कप हवा का विचारलं.

मग सराव सुरू झाला. बायको बँकेत आणि सासरे दुपारी झोपलेले, अशा वेळी. पहिल्यांदा मी कोवळे, नवे बटाटे आणले, कुकरला लावले, कुस्करले. त्यांना इतकं पाणी सुटलं की मैदा घालत गेलो, घालत गेलो, आणि तरी पातेल्यात सोडल्यावर गोळे विरघळून त्याची खळ झाली. निवडणुकीची पोस्टरं चिकटवायला उत्तम. दुसऱ्या खेपेला मैदा जास्त झाला आणि गोळे रबरासारखे उसळले. त्यातला एक खाली पडला तो फ्रिजखाली गेला आणि बहुधा अजून तिथेच आहे.

वाचून, व्हिडिओ बघून कळलं की बटाटा जुना हवा, कोरडा हवा, आणि उकडायचा नाही, सालासकट भाजायचा. भाजीवाल्याला मी जुने बटाटे मागितले तेव्हा त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "काका, लोक नवे मागतात." मी म्हटलं, मला जुनेच दे. त्याने आनंदाने दिले, नव्याच्याच भावाने.

भाजलेला बटाटा गरम असतानाच मऊ, मोकळा करावा लागतो, एकही गुठळी न ठेवता. त्यासाठी तिकडे वेगळं यंत्र मिळतं. आपल्याकडे माळ्यावर पुरणयंत्र असतं. सासूबाईंचं जुनं, जड पितळी पुरणयंत्र मी खाली काढलं, चिंचेने घासलं आणि त्यातून बटाटे फिरवले. खाली पांढऱ्या, हलक्या सरी पडू लागल्या, तेव्हा मला पहिल्यांदा विजयाचा वास आला. इतक्यात सासरे पाणी प्यायला आत आले.

"होळीला अवकाश आहे ना?"

"पुरण नाही बाबा. बटाटा."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं, बटाट्याकडे पाहिलं. मी एका गोळ्यावर काट्याच्या पाठीने रेघा उमटवत होतो, तेही पाहिलं. "घरात लग्न निघालं की बायका अशाच बसायच्या खिरीचे गव्हले वळत," ते म्हणाले. "तासन् तास. कोणाकोणाच्या चहाड्या करत." आणि पाणी न पिताच गेले.

मी चहाड्या करत नव्हतो, पण मनात जे चाललं होतं ते फार वेगळं नव्हतं. एकेक गोळा काट्यावर दाबताना मी संवादाची तालीम करत होतो. 'तुम्ही व्हेनिसला काय जेवलात हो?' हे अगदी सहज विचारायचं होतं, मीठ मागावं तसं.

वाढदिवसाच्या दिवशी सगळं जमून आलं. गोळे पीठ भुरभुरलेल्या ताटात, वर सुती फडकं. टोमॅटोचा सॉस तयार. सॉसमध्ये तिकडची तुळस घालतात. मी क्षणभर बाल्कनीतल्या आपल्या तुळशीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि मॉलमधून वेगळी पानं आणली. साडू नेहमीप्रमाणे उशिरा, पवईला अडकलेले. न्योकी फार थांबत नाही, चिकटू लागते. मी ताटापाशी उभा राहून त्यांच्या नावाने जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. बेल वाजली तेव्हाच गोळे पाण्यात सोडले. ते आधी तळाशी गेले, मग एकेक करून वर आले.

सगळ्यांना वाढलं. साडूंनी एक उचलला, ट्यूबलाइटकडे धरला. त्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि सावकाश मान हलवली.

"साडूबुवा," ते म्हणाले, "मानलं. हीच ती न्योकी. तिकडे खाल्ली होती, अगदी तश्शी. फरकच नाही!" मग सासऱ्यांकडे वळून, "बाबा, आता ह्यांना शेवयाराव म्हणायचं बंद करा हं. मी सांगतो. हे अस्सल आहे."

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर 'जावईबापू' येत असलेलं मला दिसलं.

इथे थांबायला हवं होतं. माझं नाव दोन बोटांवर आलं होतं. साडूंचं प्रमाणपत्र खोटं होतं हे मला माहीत होतं, पण खोटं प्रमाणपत्रही भिंतीवर लावलं की चांगलं दिसतं. मी गप्प बसलो असतो तर उद्या सकाळी पेपर जावईबापूंकडे मागितला गेला असता. हे सगळं मी एका घासाच्या अवधीत व्यवस्थित तोललं. आणि मग साडूंच्या चेहऱ्यावरची ती उदार, क्षमाशील मुद्रा पाहिली. मला माफ केलं जात होतं.

"कुठे खाल्लीत हो?" मी मीठ मागावं तसं विचारलं.

"कुठे म्हणजे... व्हेनिसला. पाण्याकाठी एक छोटंसं हॉटेल..."

"व्हेनिसला तर पिठलं होतं ना?"

मेव्हणी बटाट्याचा गोळा कापत होती. तिने मान वर न करता दुरुस्ती केली, "पिठलं होतं, पण पोळ्या गार होत्या. आणि पाण्याकाठी कुठलं हो? आपण बसमध्येच जेवलो. तुमचे पाय सुजले होते."

माझ्या बायकोला ठसका लागला. सासऱ्यांनी कवळी काढली, रुमालात ठेवली, आणि खांदे हलवत हसू लागले. दिवाळीनंतरच्या त्या रविवारपेक्षा जास्त. साडू पाणी प्यायले. मग आणखी पाणी प्यायले. "नाही, म्हणजे... एकदा चाखली होती, कुणाच्या तरी ताटातली..." ते म्हणाले, आणि हे वाक्य कोणीही उचललं नाही. मला इतका आनंद झाला होता की माझी न्योकी गार झाली तरी कळलं नाही.

हसू ओसरल्यावर सासऱ्यांनी कवळी बसवली. कोर्टातला जुना आवाज लागला.

"म्हणजे हा साक्षीदार बाद."

"बाद," मी म्हणालो.

"मग हे अस्सल आहे, असं सांगणारं इथे दुसरं कोण?"

त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली.

"तुम्ही स्वतः कधी खाल्ली आहे?"

"व्हिडिओत पाहिली आहे."

"व्हिडिओत चव येते?"

"नाही."

"मग जैसे थे," ते म्हणाले, आणि ताट पुढे केलं. "शेवयाराव, अजून चार वाढा. मऊ आहेत."

मी वाढले. साडू समोर मान खाली घालून खात होते. जाताना त्यांनी न विचारताच आमच्या लिफ्टच्या आरशाबद्दल काहीतरी चांगलं सांगितलं. तिकडच्या लिफ्टचा विषय निघाला नाही. निघणारही नव्हता, निदान माझ्यासमोर. खाली वॉचमनने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून हसून म्हणाला, "गुड नाइट, शेवयाराव साहेब." साडूंनीही ते ऐकलं. त्यांच्या खांद्यांत थोडा जीव आलेला मला पाठीमागून दिसला.

गोळे बरेच उरले होते. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि वर ओलं खोबरं घातलं. तसे ते जास्त चांगले लागतात.