चपलेला मारलेली हाक

नकुल बारुईंनी चौतीस वर्षं आलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात पाणघोड्यांची चाकरी केली, आणि निवृत्त झाल्यावरही नाताळच्या आठवड्यात त्यांचे पाय तिकडेच वळत. तसं त्या दिवसांत अर्धं कोलकाता तिथेच असतं म्हणा. माकडटोप्या, संत्री, उकडलेली अंडी आणि लुच्यांचे, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांचे, डबे घेऊन माणसं अशी लोटतात की कोण कुणाला बघायला आलंय, ते जनावरांनाही कळू नये.

त्या वर्षी मात्र नकुलबाबूंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांची लेक जूथिका बागबाजारच्या पालितांकडे दिलेली. पालित पिढ्यान्‌पिढ्यांचे कोलकातावाले, घोटी. बारुई फाळणीत पलीकडून, पूर्व बंगालातून आलेले, बांगाल. जूथिकेच्या तोंडून माहेरचा एखादा शब्द निसटला की सासरी हशा पिकायचा. वर्षभरात बडबडी पोर मुकी व्हायची वेळ आली होती. अशात नकुलबाबू जावयापुढे बढाई मारून बसले, "आमची चपला माझी एक हाक ऐकली की धावत येते." चपला म्हणजे पाणघोड्याची मादी, नाव ठेवणारा मोठा विनोदी असणार. झालं, व्याही अख्खं घर घेऊन बघायला निघाले.

"तिथे आपली बोली काढायची नाही," बायकोनं, सरमानं, बजावलं. "शिवी तर नाहीच नाही. पोरीला आणखी खाली बघायला लावाल तर याद राखा."

बिचारे दोन दिवस आरशापुढे शुद्ध बोलायचा सराव करत होते.

तळ्याच्या कठड्याशी सगळे जमले. व्याही परितोष पालित, त्यांची बायको, जावई, आणि काठी टेकत आलेली परितोषबाबूंची ऐंशीला टेकलेली आई, हेमलता. तिचं बोलणं दिवसाकाठी चार शब्द, तेही औषधापुरतं.

"काय व्याहीबुवा, कुठाय तुमची लाडकी?" परितोषबाबूंनी विचारलं.

नकुलबाबूंनी घसा खाकरला. "चपला, जरा इकडे येतेस का?"

पाण्यावर दोन नाकपुड्या होत्या. त्या होत्या तिथेच राहिल्या.

"चपलादेवी, पाहुणे आले आहेत. कृपया यावं."

"अर्ज करा, अर्ज!" जावई खिदळला. "तीन प्रतींत!"

"राहू दे रे," विहीणबाई म्हणाल्या, "बांगालांचं बोलणंच मोठं असतं. हो की नाही, सूनबाई?"

जूथिका मान खाली घालून सोललेलंच संत्रं पुन्हा सोलत होती. ते नकुलबाबूंनी पाहिलं मात्र, आणि त्यांचं डोकं सणकलं.

"ए मेल्ये!" असा आवाज फुटला की शेजारच्या पंगतीतल्या लुच्या हातातच राहिल्या. "हाडं गोठली काय गो तुजी? बापूस घसा फोडून मरतोय, नि तू लोळत पडल्येस? येत्येस, का घालू एक रट्टा?"

सरमानं डोळे मिटून घेतले.

पाणी दुभंगलं. चपला फुरफुरत सरळ कठड्याशी आली आणि तिनं एवढा मोठा जबडा उघडला. तिला चौतीस वर्षं हीच भाषा ठाऊक होती. पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं, कारण हेमलता कठड्याला धरून खळखळून हसत होती.

"कुठचा रे तू?" तिनं नकुलबाबूंना विचारलं.

"बरिशालचा, मावशी."

"तरीच! माजा बापूस असाच बोंबलायचा रे. नदीवर उभा र्‍हाऊन, म्हशींच्या नावानं."

परितोषबाबू बघतच राहिले. आईचं माहेर पलीकडचं, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. तिची बोली त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. "आई, तू असं कधी बोलली नाहीस?"

"बासष्ट वर्षं झाली," म्हातारी म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच जेवणाला मी आमच्या बोलीत मीठ मागितलं, तर अख्खी पंगत हसली. म्हटलं, नकोच मग." आणि तिनं जूथिकेला जवळ ओढलं. "तू नको हो गप बसू. उद्यापास्नं माज्याशी आपलंच बोलायचं, नि मोठ्यानं. कोण हसतो ते बघत्ये मी."

विहीणबाई संत्र्याच्या साली गोळा करू लागल्या. वारा बोचरा होता. जूथिकेनं आपली शाल काढून म्हातारीच्या अंगावर घातली आणि वर्षभरात पहिल्यांदा सासरच्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "थंडी वाजत्येय काय गो आजी तुला?"

म्हातारीनं शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. बासष्ट वर्षांत हे तिला तिच्या बोलीत कुणी विचारलंच नव्हतं.