दोरानं ओढलेली गाडी

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडं एक जुनं डिझेल पिकअप होतं. इचलकरंजी-कबनूरच्या यंत्रमागांवर सूत गुंडाळलेले जड बीम पोचवायचा त्यांचा धंदा. त्याच गाडीवर मी चालवायला शिकलो. ओझं जास्त झालं की ती चढावर गुरगुरायची, काळा धूर ओकायची. दाजी म्हणायचे, "ऐका की पावणं, ती सांगतीया. दोन बीम उतरवा."

दहा-बारा वर्षांनी मी स्वतःचं नवं पिकअप घेतलं. टर्बो इंजिन, पॉवर स्टेअरिंग. काचा वर केल्या की बाहेरचं काही ऐकू येत नसे. दाजींच्या दोन खेपांचा माल ते एका खेपेत न्यायचं. दाजींची गिऱ्हाइकं हळूहळू माझ्याकडं वळली. ते शाहूवाडीकडून भाताची पोती आणायला लागले.

एका दुपारी तिकडूनच त्यांचा फोन आला. इंजिन जाम झालं होतं.

"ओढून न्यायला या. येताना लोखंडी दांडा आणा. दोर नको, पुढं उतार हाय."

दांडा ओळखीच्या गॅरेजवाल्याकडं होता, पण तो जेवायला गेलेला. थांबायचा कंटाळा केला आणि दोर घेऊन निघालो.

दाजींनी दोराकडं बघितलं. "इंजिन बंद असलं की ब्रेक दगडागत घट्ट होतो, दाबला तरी लागत न्हाय. निदान पोती तरी उतरवूया."

"काय गरज न्हाय. माझी गाडी सगळं ओढती की!"

आणि खरंच ओढलं तिनं. मागं काही बांधलंय हेच जाणवेना. त्या नादात माझा वेग वाढला. उतारावर एक म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि माझी गाडी जागच्या जागी थांबली. आरशात दाजींची गाडी अंगावर येत होती. ते ओरडत होते. मला नुसतं तोंड दिसत होतं. मला धडकायच्या आत त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी कडेच्या दगडी बांधावर घातली. पुढून दगड, मागून पोती. मधे केबिन चेपली.

शेतातली माणसं धावत आली. पहारीनं दार उचकटलं. दाजी शुद्धीत होते.

"पावणं, तुमास्नी लागलं न्हाय न्हवं?"

त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढं ते कबनूरला एका कारखान्यात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला लागले. विचारेल त्याला सांगायचे, दोर मीच मागवला होता.

बहिणीला खरं मी सांगितलं, पण वर्ष उलटल्यावर. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

"त्यांनी झाकलं हुतं, तर ऱ्हाऊ द्यायचं की," ती म्हणाली. "आता मी तुझ्या तोंडाकडं कसं बघू?"

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिचा निरोप आला नाही. मीही गेलो नाही.