लूमचं ब्लडप्रेशर

दोनशे वीसपर्यंत हवा भरली तरी स्टेथोस्कोपमधून ठोके येतच होते. पेशंट पॉवरलूमच्या कारखान्यात जमिनीवर आडवा होता. आजूबाजूला लूम चालू. माझ्या मागे आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी उभे. आणि मी कडक इस्त्रीच्या शर्टात, चेहऱ्यावर डॉक्टरचा भाव आणून, गुडघ्यांवर बसलेलो.

सेक्रेटरी म्हणजे मानकोलीचे दादा. भिवंडीत ट्रस्टची एकच अँब्युलन्स होती, तिच्यावर जब्बारभाई ड्रायव्हर आणि मी अटेंडंट. लूमधंद्यात मंदी आली आणि देणग्या आटल्या. तेव्हा कमिटीत निघालं, की गाडी चालवायला ड्रायव्हर लागतोच, पण अटेंडंट कशाला? पेशंट उचलायला नातेवाईक असतात. माझी पोस्ट ठेवायची की नाही, हे ठरवायला दादा त्या दिवशी आमच्याबरोबर ड्युटीवर आले होते.

बीपी मोजणं सोपं असतं. दंडाला पट्टा बांधून हवा भरली की नाडी दबते, आवाज बंद. हवा सोडत गेलं की पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. ठोके थांबतात, तो खालचा. इथे ठोके बंदच होईनात. कारखान्यातून पेशंट आधी गाडीत आणायचा आणि मग मोजायचं, हा आमचा नेहमीचा रिवाज. पण गाडीत दादांना माझं कौशल्य नीट दिसलं नसतं.

"बीपी फार वाढलंय. लकवा मारू शकतो," मी ओरडून जाहीर केलं. कारखान्याचा मुकादम पांढरा पडला. बीपी जास्त म्हणून मी पेशंटला भिंतीला टेकवून बसवलं. बसवल्याबरोबर त्याचे डोळे फिरले आणि मान माझ्या खांद्यावर पडली.

जब्बारभाईंनी ड्रायव्हर होण्याआधी बारा वर्षं लूम चालवले होते. त्यांनी पेशंटच्या कपाळाला हात लावला, गार घाम पाहिला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"भाऊ, बंदे का बीपी नापो. ये लूम का है."

चालत्या लूमने हादरणाऱ्या फरशीची थरथर स्टेथोस्कोपच्या नळीतून थेट माझ्या कानात येत होती.

आम्ही त्याला उचलून गाडीत आणलं. दार बंद करून पुन्हा मोजलं. वरचा आकडा जेमतेम ऐंशी. दोन दिवस जुलाब, आणि तशातच सोबत्याच्या बदलीची शिफ्ट, असं मुकादमाने आता सांगितलं. बीपी इतकं खाली असताना माणसाला आडवं ठेवून पाय वर धरायचे असतात. मी नेमकं उलटं केलं होतं.

मी त्याला ऑक्सिजन लावला, एका हाताने मास्क धरला, दुसऱ्याने नाडी. हात संपले.

"दादा, पाय धरा याचे. वर. खाली नका सोडू."

"मी?"

"जब्बारभाई स्टेअरिंग सोडू शकत नाहीत."

हॉस्पिटलपर्यंत भिवंडीचे खड्डे होते. दादा दोन्ही पाय छातीशी धरून, टपाला डोकं आपटून घेत बसले. दोन सलाइननंतर पेशंटने डोळे उघडून विचारलं, आपल्या लूमवर कोण आहे.

कमिटीच्या मीटिंगमध्ये मी पहिला आकडा लूमचा होता हे स्वतःच सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, साक्षीदार सेक्रेटरीच होते. सगळे हसले. दादा हसले नाहीत.

"ह्यो पोरगा चुकतोय, त्यात काय वाद न्हाय," ते म्हणाले. "पन गाडीत मानसं दोन पायजेत. माझं दंड अजून दुखतान."

पोस्ट राहिली. एक वर्षापुरती, पगारवाढ न देता. माझ्याबरोबर ट्रेनिंग घेतलेला मित्र तेव्हा गोडाऊनमध्ये खोके मोजायला लागला. त्याला पीएफ होता. खोके बेशुद्ध पडत नाहीत, असं तो मला मुद्दाम सांगायचा.

या लाइनीत भविष्य आहे का, असं नवी मुलं विचारतात. मला ठाऊक नाही. मी एवढंच सांगतो, की आकड्याआधी पेशंटचा चेहरा बघा. आणि तुमची पोस्ट काढायला कुणी निघालं, तर त्याला अर्ज देऊ नका. त्याला एका ड्युटीला गाडीत मागे, पेशंटजवळ बसवा.