उजवी बाही कुठली?

१२ नोव्हेंबर १९४३. टेबलावर खाकी शर्टांच्या बाह्या कापायचं काम होतं. कापड पसरून मी कुमुदची वाट बघत होते. हुबळीत माझा शिवणाचा क्लास होता. सकाळी मुली शिकायच्या, दुपारी ठेकेदाराची फौजी ऑर्डर चालायची. कुमुद माझी कटर. विशीतली, मॅट्रिक पास. तिच्या हातून कापड कधी वाया गेलं नव्हतं.

ती आली आणि कात्रीला हात न लावताच म्हणाली, "बाई, मी नापास होणार."

फौजेत तेव्हा बायकांचीही भरती चालू होती. कुमुदला नकाशांच्या खात्यात जागा हवी होती. त्यासाठी पुढच्या आठवड्यात बेळगावला ॲप्टिट्यूड टेस्ट होती. पाठ केलेलं किती आठवतं हे या परीक्षेत विचारत नाहीत. डोकं कुठल्या कामात चालतं ते बघतात. तिचे वडील गोपाळराव कापडाच्या दुकानात मुनीम. त्यांनी बजावलं होतं, "एकदाच बसायचं. पास झालीस तर जा, नापास झालीस तर अळणावरच्या स्थळाला होकार." स्थळ लाकडाच्या व्यापाऱ्याचं, बिजवर. त्या माणसाबद्दल कुमुदची काही तक्रार नव्हती. तिला नकाशे हवे होते, एवढंच.

तिने नमुन्याचा कागद पुढे केला. एक वेडीवाकडी आकृती, शेजारी तशाच चार. त्यांतली कुठली नुसती फिरवलेली आणि कुठली उलटी पाडलेली, हे ओळखायचं. कागद फिरवायचा नाही. वेळ थोडा.

"अगं, ही तर बाहीच की," मी म्हणाले.

शर्टाची बाही पुढच्या बाजूला काखेत जरा खोल कापतात. त्यामुळे उजवी वेगळी, डावी वेगळी. दुसरी कापताना कापड उलटं घ्यायचं विसरलं, की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. नव्या मुली हे हमखास करतात. कुमुदने कधीच केलं नव्हतं.

"मग हे तुला यायलाच हवं."

"हातात असलं की येतं, बाई. कागदावर नाही."

तिला समोर बसवून सोडवायला लावलं. निम्मी उत्तरं चुकली. मी उत्तरांकडे बघत नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते. ती मांडीवर सारखी काहीतरी उलटत होती. मग लक्षात आलं. खाकी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते, म्हणून आमच्याकडे उलट बाजूला खडूची फुली मारायची पद्धत आहे. कुमुद तुकडा उचलायची, फुली बघायची, काम पुढे. बाही तिने कधी नीट बघितलीच नव्हती. कागदावर फुली कुठून येणार?

मी खडू कपाटात टाकला, बाह्यांवरच्या फुल्या पुसून काढल्या. कापलेल्या बाह्या टेबलावर कशाही पसरल्या. तिचे हात मागे घेऊन मापाच्या टेपने बांधले.

"वर दिसते ती सुलट बाजू धर. आता उजवी कुठली, सांग."

पहिल्या दिवशी बरोबर कमी, चूक जास्त. तिचे डोळे भरले.

"रडायचं तर टेबलापासून लांब रड. खाकीवर डाग दिसतात."

दुसऱ्या दिवशी मी वेगळं सांगून पाहिलं. "तू बोटाएवढी आहेस असं समज. बाहीच्या माथ्यावर उभी राहा, मनगटाकडे तोंड करून. खोल बाजू तुझ्या कुठल्या हाताला येते? डाव्या, तर बाही उजवी."

तिला ते समजेना. मग खरंच चालायला लावलं. प्रत्येक बाहीच्या माथ्याकडे जाऊन उभं राहायचं, बघायचं, सांगायचं, पुढच्या बाहीकडे जायचं. ती अशी हात बांधून फिरत असताना ठेकेदार बसप्पा आत आले.

"एनक्का इदु? काय हे, अक्का? पोरगी टेबलाला प्रदक्षिणा घालतीय! माझे शर्ट कुठायत?"

"होतील."

"आणि ही पास होऊन गेली तर?"

"तर उशिरा होतील."

"मग शिकवताय कशाला?"

"माझा शिवणाचा क्लास आहे, बसप्पा. कोंडवाडा नाही."

ते पुटपुटत बाकावर बसले. कुमुद एकदम थांबली. म्हणाली, "बाई, म्हणजे कापड फिरवायचं नाही. आपण फिरायचं."

"आता एका जागी उभी राहून फिर."

त्या दिवसापासून तिचे पाय थांबले, नुसते डोळे फिरू लागले. मग बाह्या काढून मी कागद ठेवला. आधी सावकाश, मग घड्याळ लावून. बेळगावला जायच्या आदल्या दिवशी मी टेप सोडला, तरी तिचे हात मागेच राहिले.

परत आल्यावर म्हणाली, "शेवटचे प्रश्न राहिले. सोडवले ते बरोबर आहेत." असं ती कापडाबद्दल बोलायची, तेव्हा मी तपासत नसे. याही वेळी काही विचारलं नाही.

तिची निवड झाली. गोपाळराव क्लासच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, आता काय करायचं?"

"काय करणार? शब्द दिलाय तुम्ही."

"तो नापास होईल म्हणून दिला होता."

"मग हिशोब चुकला तुमचा. ट्रंक मजबूत घ्या."

त्यांनी ट्रंक घेतली, चांगली मजबूत. स्टेशनवर ती स्वतःच उचलून डब्यात चढवली. कुमुद गेली आणि बसप्पांचे शर्ट खरोखरच उशिरा झाले.

हाताला सवय लागली की डोळे आयतं खातात. एवढं मी त्यातून शिकले.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी क्लासमधल्या मुलींपैकी त्यातल्या त्यात बऱ्या हाताच्या गंगूला कटिंगच्या टेबलाशी बोलावलं. खाकी पसरली. तिने पहिली बाही कापली आणि फुली मारायला खडू शोधू लागली.

खडू माझ्या मुठीत होता.

"आधी हात मागे," मी म्हणाले.