यासीन चुडाव्यातच होता

आमच्या परभणी जिल्ह्यात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही, आणि त्यांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरला नसता. लोकांना हसवणं हा तर माझा धंदाच होता! तेव्हा पुढचं वाचून मला वेड्यात काढा, पण खोटारडा म्हणू नका...

निजामाची राजवट, लढाईची वर्षं. जिंतूरला आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओट्यावर माझा दोस्त यासीन शिवणयंत्र घेऊन बसायचा. परभणीच्या जिनिंगमधल्या एका इंग्रज इंजिनियरचे कपडे तो शिवायचा. ते द्यायला गेलो की साहेब आम्हाला विलायतेतल्या एका विनोदी जोडीच्या रेकॉर्डी ऐकवायचा. एक गंभीरपणे विचारणारा, दुसरा बावळट उत्तरं देणारा. वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, कुणी विचारलं नाही, आणि एका दुपारच्या खेळात नशीब उघडलं म्हणे. इंग्रजी आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. पण लोक कुठं हसतात, दुसरा किती थांबून बोलतो, ते टायमिंग पाठ झालं. साहेबानं त्यांचा एक नियमही सांगितला – विचारणाऱ्यानं जोडीदाराकडं कधीच पाहायचं नाही. पाहिलं की हसू फुटतं आणि खेळ पडतो.

त्यावरून आम्ही 'पेरूची चोरी' बसवली. मी वकील, यासीन स्टुलावर बसलेला गवाह. बोरीच्या जत्रेत आमचा खेळ ठरला आणि तो पाहायला हैदराबादच्या एका नाटक कंपनीचे मालक येणार होते! वडिलांनी मला बजावलं होतं, एवढा खेळ कर, जमलं नाही तर मुकाट्यानं गल्ल्यावर बस.

आणि नेमका त्याच दिवशी यासीनचा पत्ता नाही. तो चुडाव्याला बहिणीकडं गेला होता, सकाळच्या गाडीनं परतणार होता. दुपारचे चार वाजले. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. माफी मागावी म्हणून मी एकटाच पुढं गेलो... पण समोर एवढी माणसं पाहिली आणि सवयीनं तोंडातून पहिला प्रश्नच निघाला. गवाह, चोरी झाली तेव्हा कुठं होतास?

"झोपलो होतो, साहेब." डावीकडून, यासीनचाच आवाज.

माझा जीव भांड्यात पडला. मागून आला असणार पळत! नियमाप्रमाणं मी मान वळवली नाही. मग चोर दिसला कसा, म्हणून विचारलं.

"त्यानंच उठवलं. कुलूप उघडंना म्हणून."

मांडव दणाणला. प्रत्येक जागा, प्रत्येक थांबा बरोबर! मधेच कानावर कचकच आवाज आला. हे आमच्या खेळात नव्हतं. पण मी रंगात आलो होतो, दरडावून विचारलं, तोंडात काय आहे?

"पुरावा, साहेब."

लोक अक्षरशः लोळले. टाळ्यांत मी वाकलो, मग वळून पाहिलं. स्टूल रिकामं.

मालक हसतहसतच मागं आले. म्हणाले, दोघांनी सोमवारी निघायचं, आणि तुझ्या जोडीदाराला सांग, ते पेरू खाणं कायम ठेव. म्हणजे त्यांनी त्याला पाहिलं होतं. साऱ्या बोरीनं पाहिलं होतं. मी आनंदानं वेडा होऊन त्याला शोधत सुटलो.

दिवेलागणीला लॉरीतून यासीन उतरला, तोंड पडलेलं.

"माफ कर, दोस्ता. इंजिन बिघडलं. दुपारभर चुडाव्याच्या फलाटावर बसून होतो."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याच्यासोबत उतरलेले दोघं तेच सांगत होते. यासीन म्हणाला, चारला जीव राहीना, म्हणून बाकावर बसून एकट्यानंच सगळा खेळ बोललो, तुझ्या प्रश्नांना जागा सोडून. बहिणीनं जांब दिले होते – आमच्याकडं पेरूला जांब म्हणतात – त्यातला एक खात होतो.

"आन् वाटलं, तू इचारलास, तोंडात काय हाय. म्या म्हनलो, पुरावा." मग हळूच म्हणाला, "लय हसले रे लोक. फलाटावर कुत्रं न्हवतं."

मी त्याला मालकांचा निरोप सांगितला, आणि पुढच्याच क्षणी आम्ही दोघं लॉरीसमोर मिठी मारून नाचलो!

पुढं कंपनीत आम्ही कितीतरी वर्षं काढली. प्रत्येक खेळात तो पेरू खायचा, आणि मी कधी पाहिलं नाही. हे कसं घडलं, आजही मला सांगता येत नाही. एकदाच त्याला म्हणालो, त्या दिवशी मान वळवून बघायला पाहिजे होतं.

"बरं झालं न्हाई बघितलास," यासीन म्हणाला. "म्या तिथं नसतो, तर तू गल्ल्यावर असतास."