दोनशेच्या मागची रेघ

मला लहानपणापासून नसत्या चौकश्यांची खोड. आई म्हणायची, हिला बंद पेटी दाखवू नका. पुढे २०१८ साली एका पेटीपायीच मी वेवजीला धावले.

वेवजीत, अगदी गुजरातच्या सीमेवरच्या गावात, माझी आत्या दिलेली. तिथल्या बायकांच्या बचत गटाची पेटी आणि पेटीची किल्ली वर्षानुवर्षं तिच्याकडे. मी तेव्हा डहाणू रोडला घरी बसून मोबाइलची अ‍ॅप बनवायचे. तिच्यासाठीही हौसेनं एक बनवलं: कुणी किती भरले ते आत्यानं लिहायचं, बेरीज अ‍ॅप करणार, आणि बायकांनी आपापल्या फोनवर पाहायचं. आत्या गुजराती शाळेत शिकलेली. आकडे लहर लागेल तसे काढते, कधी गुजराती, कधी मराठी. म्हणून मी फोनचा नेहमीचाच कीबोर्ड ठेवला आणि अ‍ॅपला दोन्ही आकडे शिकवले. लाखाला स्वल्पविराम कुठे पडतो, तेही शिकवलं. स्वतःवर भलती खूश होते मी.

मग आत्याचा फोन आला. "बाय, तुझ्या यंत्रानं माझी अब्रू काढली गं."

झालं होतं असं. एका सुनेनं फोनवर हिशेब उघडला, तर सासूच्या नावापुढे लाल अक्षरांत मायनस दोनशे. बाकीच्यांचंही तसंच. भरले दोनशे आणि वर देणंही दोनशे, मग पैसे गेले कुठे? किल्ली जिच्याकडे, तिच्याकडेच बोट जाणार. त्या सासूनं भर बैठकीत किल्ली मागितली आणि आत्यानं मुकाट्यानं कमरेची काढून दिली. येत्या रविवारी सोक्षमोक्ष व्हायचा होता.

मला राग आला. पण खरं सांगू, त्याहून जास्त कुतूहल वाटलं. मी घरी दोनशे लिहून लिहून पाहिले, दर वेळी सरळ दोनशेच उमटले. माशी शिंकत होती कुठे? शनिवारी उठून वेवजी गाठलं.

"आत्या, माझ्यासमोर लिही. नेहमी लिहितेस तसंच."

ओट्यावर बसून तिनं एका बोटानं लिहिलं. दोन, शून्य, शून्य. मग कीबोर्डावर शोधून शोधून एक तिरपी रेघ आणि एक आडवी. २००/-. लगेच माझ्या फोनवर लाल मायनस दोनशे.

मी हसत सुटले. आकडे वाचायचा कोडचा तुकडा मी नेटवरून तयार उचलला होता. तिरपी रेघ तो कचरा म्हणून टाकायचा आणि आडवी कुठेही दिसली की रक्कम मायनस धरायचा. पावतीवर, चेकवर अख्खा मुलूख रकमेमागे ही रेघ मारतो, मीसुद्धा मारते. फोनवर कुणी मारील, हे काही सुचलं नव्हतं.

"पण इथे कशाला मारतेस?"

"मागे कुणी शून्य वाढवू नये म्हणून."

"फोनमध्ये कोण वाढवणार गं?"

आत्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आत तू आहेस ना."

मला वाईट वाटलं. मग वाटलं, बरोबरच आहे तिचं. त्या दुपारी मी अ‍ॅपला शिकवलं, की मागची रेघ म्हणजे मायनस नाही, रक्कम तिथे संपली. शिवाय प्रत्येक रकमेमागे ती पडद्यावर आपणहून उमटेल असंही केलं.

रविवारी बायका अंगणात जमल्या. मी मायनसची भानगड समजावत होते, पण कुणी फारसं ऐकत नव्हतं. त्या सासूनं सुनेचा फोन घेतला, आपले दोनशे पाहिले, मागच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग किल्ली काढून आत्यापुढे ठेवली.

आत्यानं हात लावला नाही. "आधी पेटी उघड. सगळ्यांसमोर मोज."

तिनं मोजलं. तोवर आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"बरोबर आहेत," सासू हळूच म्हणाली.

आत्या वळली, किल्ली उचलून कमरेला खोचली आणि तिला म्हणाली, "तुझे या महिन्याचे राहिलेत."