यादवमामांचा समुद्र

यादवमामा गोष्ट सांगायच्या आधी डोळे बारीक करून लांब बघायचे, जणू समोर रिठद गावची काळी शेतं नसून पाणीच पाणी आहे. मग म्हणायचे, "म्या समुद्र पाह्यला हाय!" तरुणपणी घरातून पळून त्यांनी वर्षभर मुंबईत काढलं होतं म्हणे. त्यांच्या समुद्राचं पाणी हिरवंगार, काठाला कमळं, आणि पाण्यात गळ्यापर्यंत बसलेल्या म्हशी. त्यातली एक तर एकशिंगी. गावात दुसऱ्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे म्हशींना कुणाची हरकत नव्हती.

हे माझे सख्खे मामा. पोटाला भाजीपाल्याचा मळा. मोटेचं पाणी पाटातून वाफ्यात वळवायला त्यांनीच फावडं धरावं, थेंब वाया जायचा नाही. बोलणं मात्र सगळं समुद्राचं.

माझं लग्न झालं त्या साली रिसोडच्या एका ओळखीच्या अडत्याची लॉरी मिरच्या घेऊन कोकणात निघाली. मामींनी हट्ट धरला, "इतके दिवस आयकून राह्यली, आता दाखवा मले." मी आणि आमचे हेही निघालो. नाही म्हणायला मामांना तोंडच नव्हतं. खरी गोष्ट अशी, की समुद्र त्यांनी पाहिलेलाच नव्हता. ते वर्ष त्यांनी अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस उचलण्यात घालवलं होतं. आम्हाला हे मागाहून कळलं. पण त्या प्रवासात मामांचा जीव कसा टांगणीला लागला असेल, ते आज कळतं.

सकाळी घाट लागला. एवढं दाट रान आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरने लॉरी थांबवून झाडावरचं शेकरू दाखवलं. मामी हरखून गेल्या, "वो माय, हे तं खारीची आजी दिसते!" मामा एरवी अशा वेळी गप्प बसणारे नव्हेत. ते एवढंच म्हणाले, "जंगल पाह्यलं ना? आता वापस फिरू. समुद्र काय, पानीच तं असते."

"मंग पानी पाहू द्या," मामी म्हणाल्या.

दुपारी समुद्र समोर आला. मामांनी या वेळी डोळे बारीक केले नाहीत. उलट ते चांगले मोठे झाले. पण लगेच सावरून म्हणाले, "बसा इथंच, मले जागा ठाऊक हाय." पाण्याजवळच्या ओल्या वाळूवर आम्ही घोंगडी अंथरली, भाकरी-ठेचा सोडला. थोड्या वेळाने पाणी घोंगडीला लागलं. मामा ताडकन उठले आणि ओरडले, "अरे, पाट कोनं फोडला?"

धोतर खोचून ते टाचांनी आणि हातांनी वाळूचा बांध घालू लागले. "जावईबापू, तिकून माती लोटा!" आमचे हे खरंच लोटू लागले. पुढच्या लाटेत बांध गेला, भाकरीही गेल्या. ड्रायव्हर पोट धरून हसत होता. "मामू, ये भरती है. रोज आती है."

मामा ओल्या धोतराने मटकन खाली बसले. "नाही पाह्यला म्या," ते हळूच म्हणाले. "कधीच नाही."

"मले लगनाच्या सालापासून माहीत हाय," मामी म्हणाल्या. "तुमी सांगता ते आपल्या गावचं तळं हाय. एकशिंगी म्हैस तं माह्या सासऱ्याचीच होती."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी सांगतानी लय खुश दिसता. मी कायले मोडू?"

मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मलाही हायसं वाटलं. परतीच्या वाटेवर ते मिरच्यांच्या रिकाम्या पोत्यांवर असे घोरले, की ड्रायव्हरला हॉर्न वाजवायची गरज पडली नाही. गावात पोचल्यावर त्यांनी आपण होऊन पारावर सांगून टाकलं, "मुंबई-बिंबई काही नाही. पन परवा म्या समुद्राले बांध घातला!" लोक खूप हसले आणि पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू लागले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर पडून होते, भोवती नातवंडं. त्यांनी डोळे बारीक केले तशा चुलीपासून मामी ओरडल्या, "म्हशी नोका बसवू बरं त्यात!"

"नाही वो," मामा म्हणाले. "म्हशी कवाच्याच घरी आनल्या."